कोईच्या पिल्लाचा रंग पुढे कसा होईल, हे आत्ता कसं ओळखायचं?

ओंजळ

नमस्कार. इथले धागे बरेच दिवस वाचते आहे, लिहिते आहे पहिल्यांदाच.

माझ्याकडे कोईची, म्हणजे शोभेच्या रंगीत जपानी कार्प माशाची, सात पिल्लं आहेत. वय आठ महिने, लांबी १४ ते १६ सेंटिमीटर. तळं ६,००० लिटरचं आहे. मोठी झाल्यावर त्यात चारच नीट राहतील, म्हणून तीन मैत्रिणीला द्यायची ठरवली आहेत. तिचं तळं माझ्या कितीतरी पट मोठं आहे, तेव्हा मासे कुठे जातील याची चिंता नाही. चिंता निवडीची आहे. आज सगळ्यात देखणं दिसतं तेच ठेवावं असं वाटतं, आणि दुसरीकडे सतत वाचनात येतं की लहानपणी देखणा दिसणारा कोई मोठेपणी तसा राहीलच असं नाही.

नावं मीच ठेवली आहेत, ओळखायला सोपी.

कुंकू: कोहाकू, म्हणजे पांढऱ्या अंगावर लाल डाग. गडद, जांभळटाकडे झुकणारा लाल, डागांच्या कडा सगळीकडून कापल्यासारख्या स्वच्छ. बघणारा प्रत्येक जण आधी यालाच बोट दाखवतो.
शेंदूर: हाही कोहाकू, पण लाल कसला, भगवाच. डागांची पुढची कड गुलाबी धुरकट.
काजळ: शोवा, म्हणजे काळा, लाल आणि पांढरा असा तिरंगी, म्हणून मिळाला. पांढरा आणि लाल भरपूर, काळा मात्र जेमतेम. अंगावर राखाडी मळल्यासारखे पट्टे.
तीळ: सांके, म्हणजे पांढऱ्यावर लाल आणि वर काळे डाग. पाठभर बारीक काळे ठिपके, मी मोजले, १९ आहेत.
जाळी: गोरोमो, म्हणजे लाल डागांवर निळसर जाळी असलेला, असल्याचं सांगितलं होतं, मला तरी कोहाकूच वाटतो.
आभाळ: आसागी, पाठ निळी जाळीदार आणि बाजूंना लाल.
माती: चागोई, एकाच रंगाचा, हिरवट तपकिरी.

कोणते चार ठेवू? आणि त्याहून महत्त्वाचं, का?

गाळवाट

ओंजळताई, 'का' विचारलंत हे फार बरं केलंत. नुसती नावं सांगून टाकली असती तर पुढच्या वेळी पुन्हा विचारावं लागलं असतं.

आधी बघायचं कसं ते सांगतो. टाकीच्या काचेतून नको. निळा उथळ टब घ्या, सावलीत ठेवा, मासा दहा मिनिटं शांत होऊ द्या आणि वरून बघा. कोई ही वरून बघण्यासाठीच घडवलेली जात आहे. थेट उन्हात लाल रंग खोटा चमकतो आणि त्याची जाडी कळत नाही.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. कोईचेही दिसतात, पण आपण बघतो चेहरा. नक्षी म्हणजे चेहरा. पाय म्हणजे कातडी: पांढऱ्याचा पोत, लालची जाडी आणि पांढऱ्याखाली दडलेला काळा.

जपानी लोक लाल रंगाला 'हि' किंवा 'बेनी' म्हणतात. मराठीत 'हि' लिहिलं की वाक्याचा घोळ होतो, म्हणून मी सरळ लाल म्हणतो. काळ्याला मात्र 'सुमी' म्हणू. सुमी म्हणजे शाई, आणि तो वागतोही शाईसारखाच, झिरपतो आणि वर येतो.

आता तुमचे दोन कोहाकू. माशाचे खवले कौलांसारखे रचलेले असतात: पुढच्या खवल्याची मागची कड मागच्या खवल्यावर टेकते. म्हणून लाल डाग जिथे सुरू होतो, म्हणजे त्याच्या डोक्याकडच्या कडेला, पांढरा खवला लाल खवल्याच्या वर असतो. खालचा लाल त्यातून गुलाबी धूसर दिसतो. याला 'साशी' म्हणतात. डाग जिथे संपतो तिथे लाल खवला पांढऱ्यावर टेकलेला असतो, त्यामुळे ती कड, म्हणजे 'किवा', नैसर्गिकपणेच स्वच्छ दिसते.

पिल्लाच्या अंगावर साशी दिसणं हा दोष नाही. खाली लाल आहे आणि वरचा पांढरा अजून भरायचा आहे, एवढाच त्याचा अर्थ. पांढरा दाट होत गेला की साशी आपोआप आखडते. एका खवल्याइतकी असेल तर उत्तम, दोनपर्यंत चालेल. तीन-चार खवल्यांवर लाल विरत गेला असेल तर ती साशी नव्हे, तो लालच कच्चा. मागची कड मात्र आठ महिन्यांतच स्वच्छ हवी. तिथे धूसर असेल तर पुढे सुधारेल अशी आशा मी तरी धरत नाही.

तुमच्या शेंदूरची पुढची कड धुरकट आहे हे लिहिलंत. मागची कशी आहे?

ओंजळ

आत्ताच टबात घालून पाहिलं. शेंदूरच्या मागच्या कडा अगदी रेखीव आहेत, तिन्ही डागांच्या. पुढे साधारण एक खवला गुलाबी. कुंकूला साशी नाहीच, पुढून मागून दोन्हीकडे सारखीच कड.

गाळवाट

मग माझं मत शेंदूरच्या बाजूने.

कुंकूसारखा मासा आठ महिन्यांतच पूर्ण झालेला असतो. साशी नाही, लाल गडद, कडा पक्क्या. त्याला जे दाखवायचं होतं ते त्याने दाखवलं. असे बरेचसे नर निघतात. नरांचा रंग लवकर पक्का होतो आणि माद्या हळूहळू भरतात. या वयात नर-मादी खात्रीने सांगता येत नाही, म्हणून हे शक्यता म्हणूनच धरा. पक्का झालेला लाल टिकूही शकतो, पण अंग दुप्पट-तिप्पट वाढतं तेव्हा तोच रंग मोठ्या कातडीवर पसरावा लागतो. पुरला नाही तर पातळ पडतो. भगव्या पायावरचा लाल मऊ असतो, त्याला दाट व्हायला वाव असतो.

जपानमध्ये ज्या पिल्लाकडून पुढे काही अपेक्षा आहे त्याला 'तातेगोई' म्हणतात. आज तो सुंदर असायलाच हवा असं नाही. उलट आज अपुरा वाटणाराच बऱ्याचदा तातेगोई असतो.

अनवट

गाळवाटकाका, तुमचा आदर राखून थोडं वेगळं सांगतो, कारण यात माझे हात पोळले आहेत.

'भगवा म्हणजे पुढे लाल होणार' हे ऐकून मी तीन वर्षांपूर्वी दोन कोहाकू घेतले. दोघेही आजही भगवेच आहेत. एकाचा तर इतका पातळ झाला की खवल्याखवल्यातून पांढरा दिसतो. ते घेतले तेव्हा रंग आजच्यापेक्षा दाट होता. नंतर कळलं की विकणाऱ्याने रंगाचं खाद्य भरपूर चारलं होतं. माझ्याकडे साध्या खाद्यावर आले आणि काही महिन्यांत उतरले.

म्हणून भगवा हा शब्दच मला धोक्याचा वाटतो. नव्या माणसाला त्यावर विसंबायला सांगू नये.

गाळवाट

अनवट, बरोबर बोललात, आणि मी ते अर्धवट लिहिलं होतं. भगवा असणं हा गुण नाहीच. जाड आणि सपाट असणं हा गुण. भगवा फक्त रंगाची छटा सांगतो, जाडी सांगत नाही.

जाडी अशी बघा. डागाच्या मध्यावर नजर ठेवा. प्रत्येक खवल्याची कड वेगळी मोजता येते का? खवल्यांच्या मधून फिकट रेषा दिसतात का? दिसत असतील तर लाल पातळ आहे, मग तो कितीही गडद असो. चांगल्या लालमध्ये खवले एकमेकांत विरून जातात, ओल्या रंगाचा एकच थर दिल्यासारखे. दुसरं, डोक्यावरचा आणि पाठीवरचा लाल जुळवा. डोक्यावर खवले नसतात, तिथे रंग मुळातच सारखा दिसतो. पाठीवरचा त्याच्या जवळ जात असेल तर खात्री वाढते. शेपटीकडचा डाग सगळ्यांत शेवटी बघा, कमजोरी बहुतेक वेळा तिथे पहिल्यांदा उघडी पडते.

खाद्याचं म्हणाल तर पांढरा बघा. परांच्या टोकांना, नाकावर, पोटाकडच्या पांढऱ्यावर गुलाबी झाक असेल तर मासा रंगाच्या खाद्यावर वाढलाय असं समजावं. त्याला दोन-तीन महिने साध्या खाद्यावर ठेवून मगच मत बनवावं.

शेवाळ

मी माशांच्या रंगपेशींवर थोडं काम केलं आहे. वरच्या दोघांचंही म्हणणं त्यातून जुळवता येतं, म्हणून लिहिते.

लाल-पिवळा रंग ज्या द्रव्यांमुळे येतो ती कॅरोटिनॉइडं माशाला शरीरात शून्यातून बनवता येत नाहीत. ती खाद्यातूनच यावी लागतात. त्यातलं लाल द्रव्य, अस्टॅक्झांथिन, थेट मिळालं तर वापरलं जातं, आणि कार्प कुळातले मासे शेवाळातल्या झिअॅक्झांथिन या पिवळ्या द्रव्यापासूनही ते बनवू शकतात. म्हणून स्पिरुलिना हे शेवाळ घातलेल्या खाद्याने लाल खुलतो. पण द्रव्य साठवायला पेशी लागतात. पेशी किती, किती दाट आणि कुठे, हे वंशावर ठरतं. खाद्य म्हणजे भांड्यात ओतलेलं पाणी आणि पेशी म्हणजे भांडी. अनवट यांच्या माशांकडे भांडी कमी होती, पाणी काठोकाठ होतं. ओतणं थांबलं आणि खरी खोली दिसली.

काळ्याचं प्रकरण वेगळं. मेलॅनिन हे काळं रंगद्रव्य मासा स्वतः बनवतो. आणि काळ्या रंगाच्या बाबतीत बदलाच्या तीन वेगवेगळ्या गती एकाच वेळी चालू असतात, तिथेच लोकांची फसगत होते.

पहिली गती मिनिटांची. पेशीतले काळे कण पसरतात किंवा मध्याकडे गोळा होतात. तळ गडद असेल तर पसरतात, फिका असेल तर आखडतात, घाबरला तरी बदलतात. काळ्या टबात बघितलेला शोवा आणि पांढऱ्या टबात बघितलेला शोवा, एकच मासा असूनही दोन वाटतात. दुसरी गती ऋतूची: पाणी गार झालं की काळा वर येतो, तापलं की उतरतो. तिसरी वर्षांची: पेशी वाढतात, वर सरकतात, भोवतीचा पांढरा दाट होतो. आपल्याला वाचायची आहे ती फक्त तिसरी. पहिल्या दोन स्थिर ठेवल्याशिवाय ती दिसत नाही.

म्हणून ओंजळ, दर महिन्याला एकाच टबात, एकाच वेळी, वरून फोटो काढा आणि फोटोखाली पाण्याचं तापमान लिहा. तापमानाशिवायचा शोवाचा फोटो मला निरुपयोगी वाटतो.

ओंजळ

शेवाळताई, गाळवाटकाका, खूप आभार. आज सगळ्यांचे फोटो निळ्या टबात काढले, पाणी २४ अंश.

आता काजळबद्दल सांगाल का? ते राखाडी पट्टे मला मळ वाटतात. काहींनी सांगितलं की काळा नाही तर शोवा कसला, देऊन टाका.

गाळवाट

काजळ देऊ नका. निदान दोन वर्षं तरी नको.

शोवा समजायचा तर त्याचा जन्म समजून घ्या. १९२७ साली जपानच्या नीगाता भागात जुकिची होशिनो यांनी की-उत्सुरी (काळा-पिवळा कोई) आणि कोहाकू यांच्या संकरातून तो काढला. उत्सुरी हा मुळात काळा मासा, त्यावर दुसरा रंग. म्हणजे शोवाच्या अंगात काळा आतून येतो, बाहेरून शिंपडलेला नसतो. अंड्यातून निघालेली शोवाची चांगली पिल्लं काळीच असतात. पैदासकार पहिल्या काही दिवसांतच काळी ठेवतात आणि फिकी वगळतात. मग हा काळा खाली बुडतो, पांढरा आणि लाल वर येतात, आणि पुढच्या दोन, तीन, कधी चार-पाच वर्षांत काळा परत तरंगत येतो.

तुमचे राखाडी पट्टे म्हणजे तोच बुडालेला काळा. त्यांची छटा नीट बघा. निळसर आहे की तपकिरी? निळसर राखाडी, पाटीवरचं पुसलेलं लिखाण दिसावं तशी, असेल तर आनंद माना. तपकिरी, काजळी धरल्यासारखी असेल तर तो काळा वरवरचा आहे, येईल तो विस्कटलेला येईल.

शेवाळ

निळसर का दिसतो तेही सांगते, म्हणजे लक्षात राहील. अंगावरचं गोंदण आठवा. शाई काळी असते, तरी कातडीखालून हिरवट-निळी दिसते, कारण वरच्या थरातून प्रकाश विखरून परततो आणि निळा जास्त विखुरतो. खोलवरचा सुमी याच कारणाने निळा दिसतो. निळेपणा म्हणजे खोलीची खूण.

ओंजळ

निळसर आहे! उजव्या खांद्यावर, डोक्याच्या डाव्या बाजूने तिरका एक, आणि शेपटीच्या मुळाशी एक पुसट. छातीच्या परांच्या मुळाशीही काळपट आहे.

गाळवाट

परांच्या मुळाशी काळा, त्याला 'मोतोगुरो' म्हणतात. काजळ शोवाच आहे याचा हा पुरावा. पिल्लात कधीकधी अख्खा पर काळा असतो आणि वाढता वाढता मुळाकडे गोळा होतो.

आता एक काम करा. कागदावर माशाची बाह्यरेषा काढा आणि सावल्या पेन्सिलीने भरा. साधारणपणे काळा सावली असते तिथेच येतो. मग कल्पनेने त्या सगळ्या पूर्ण काळ्या करून बघा आणि स्वतःला विचारा, आता नक्षी कशी दिसते? ज्या पिल्लात आजच तिन्ही रंग समसमान सुंदर दिसतात आणि शिवाय खाली सावल्याही आहेत, ते मोठेपणी काळ्यात बुडून जातं. शोवाच्या पिल्लात आज पांढरा जरा जास्तच वाटायला हवा. तुमच्यात तसा आहे.

लालला साशी आहे का, तो जाड आहे का, हे निकष शोवालाही लागतात. डोक्यावर पिवळट झाक असेल तर घाबरू नका, या वयात असते आणि बऱ्याचदा निवळते. अंगावरचा पांढरा पिवळट असेल तर मात्र तो तसाच राहतो असा माझा अनुभव आहे. पांढरा दाट आणि अपारदर्शक हवा. खालचं मांस गुलाबी डोकावत असेल तर तो पातळ.

पानगळ

गोरोमो आणि आसागी माझ्या जिव्हाळ्याचे, म्हणून मध्ये येते.

जाळी कोहाकूसारखी दिसते म्हणून तिच्यावर फुली मारू नका. आइ-गोरोमोची निळी जाळी लाल खवल्यांच्या कडेला उशिरा उमटते. आठ महिन्यांत लालवर थोडी मळकट, जांभळी झाक असणं पुरेसं. जी पिल्लं याच वयात पूर्ण जाळीदार असतात ती मोठेपणी जड, काळवंडलेली दिसतात. निवडताना मी जाळीकडे बघतच नाही. खाली कोहाकू चांगला आहे का तेवढं बघते. तो चांगला असेल तर जाळी त्याला शोभते, नसेल तर जाळी त्याला वाचवत नाही. आणि जाळी पांढऱ्यावर उतरू नये.

आसागीचं उलटं. तिथे जाळीची ओळ पिल्लातच सरळ हवी. पाठीवर आज मळभ असलं तरी चालेल, ते निवळतं, पण खवल्यांच्या ओळी वाकड्या असतील तर त्या वाकड्याच राहतात. बाजूचा लाल वयाबरोबर वर चढतो. आज तो पाठीच्या मध्यापर्यंत आला असेल तर पुढे निळ्याला जागा उरत नाही. डोकं स्वच्छ हवं, आणि ते आज असलं तरी पुढे त्यावर काळे ठिपके यायची शक्यता असतेच. माझ्या दोन आसागींची डोकी चौथ्या वर्षानंतर डागाळली. मला त्याचं अजून वाईट वाटतं.

ओंजळ

आभाळचा लाल बऱ्यापैकी वर आहे, जवळजवळ पाठीच्या कडेपर्यंत. जाळीच्या लालवर खरंच जांभळी झाक आहे, मी ती आजवर घाण पाण्याची समजत होते!

अनवट

ताई, तीळबद्दल कोणी बोललं नाही. माझ्याकडे सांके आहेत म्हणून सांगतो. सुट्या बारीक ठिपक्यांवर जीव जडवू नका. माझ्या एका सांकेचे सगळे ठिपके दुसऱ्या वर्षी गेले, मासा कोहाकू झाला. चौथ्या वर्षी काळा परत आला, पण वेगळ्या जागी आणि मोठ्या डागांत.

गाळवाट

सांकेचा काळा शोवासारखा आतून पट्ट्यांनी येत नाही, पाठीवर डागांनी येतो. डोक्यावर येऊ नये. पांढऱ्यावर पडलेला काळा, 'त्सुबो सुमी', सगळ्यात मोलाचा. लालवर पडलेला 'कासाने'. पिल्लात बारीक ठिपके लखलखीत काळे असले तरी मी त्यांना धरत नाही. कुठे निळसर सावली आहे का ते शोधतो. परांत बारीक काळ्या रेघा असतील तर काळा टिकायची आशा वाढते. काही वंश तर उशिराच खुलतात. मात्सुनोसुके वंशाच्या सांकेंची ख्याती हीच, त्यांचा सुमी वर्षानुवर्षं वर येत राहतो.

आणखी एक गोष्ट, लाल-काळ्या दोन्हीसाठी. मासा वाढतो तेव्हा खवल्यांची संख्या वाढत नाही. बाजूच्या रेषेवर कार्पला साधारण ३५ ते ३९ खवले असतात, १५ सेंटिमीटरला तेवढेच आणि ७० ला तेवढेच. खवला मोठा होतो. म्हणून डाग सेंटिमीटरमध्ये मोजू नका, खवल्यांत मोजा. आज डाग सहा खवले लांब आहे आणि दोन वर्षांनी पाच, तर लाल एक खवला हटला. फोटोत 'वाढला' असं वाटत असतानाही तो आखडत असू शकतो. शिवाय डोकं अंगाच्या मानाने लहान होत जातं आणि पाठ रुंदावते. त्यामुळे आज जी नक्षी पाठीवर भरगच्च, दाटीवाटीची वाटते ती पुढे मोकळी दिसते, आणि आज नाजूक वाटणारी पुढे रिकामी दिसते.

शेवाळ

खवल्यांत मोजायची ही युक्ती मला फार आवडली. संशोधनातही आम्ही असंच काहीतरी वापरायला हवं होतं.

पाण्याबद्दल विचारते. काठिण्य जास्त असेल तर सुमी घट्ट होतो आणि मृदू पाण्यात लाल चांगला राहतो, असं पाळणारे सांगतात. तुमचा अनुभव?

गाळवाट

माझा अनुभव तसाच. पण फार कठीण पाण्यात लालवर आणि पांढऱ्यावर 'शिमी', म्हणजे तीळासारखे काळे ठिपके येतात, तेव्हा त्याच्या मागे लागू नये. पाणी वंशात नसलेला काळा आणत नाही. असलेल्याला हात देतं, इतकंच. स्थिर पाणी मला कठीण-मृदूपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

ओंजळ

ठरलं. शेंदूर, काजळ, जाळी आणि तीळ ठेवते. कुंकू, आभाळ आणि माती मैत्रिणीकडे. माती खूप मोठी होते असं वाचलं, तिला मोठंच तळं बरं. कुंकूला देताना मात्र डोळ्यांत पाणी आलं, खरं सांगते.

अनवट

ताई, कुंकू आवडतो तर तोच ठेवा की. पुढच्या पाच वर्षांचा अंदाज बांधताना रोज सकाळी ज्याच्याकडे बघून बरं वाटतं तो घालवायचा, हे मला पटत नाही.

ओंजळ

तोही विचार केला. पण मैत्रिणीकडे मी दर महिन्याला जाते, तिथे भेटेल. आणि शेंदूर काय होतो हे बघायची आता खूप उत्सुकता लागली आहे.

ओंजळ (१४ महिन्यांनंतर)

हा धागा पुन्हा वर आणते आहे. दर महिन्याचे फोटो काढले, तापमान लिहिलं, खवले मोजले. आजचे फोटोही २४ अंशाला.

शेंदूर ४१ सेंटिमीटरचा झाला. भगवा आता खरोखर लाल झालाय, पहिल्या दोन डागांची साशी संपली, पुढची कड स्वच्छ. खवल्यांत मोजलं तर तिन्ही डाग तितकेच लांब आहेत. फक्त शेपटीकडच्या डागात दोन खवल्यांची खिडकी, म्हणजे लाल उडालेली जागा, उघडली आहे. गाळवाटकाका, तुम्ही म्हणाला होतात कमजोरी आधी तिथे दिसते, तशीच दिसली.

काजळचा खांद्यावरचा काळा आला, दाट आणि चकचकीत. डोक्यावरचा तिरका पट्टाही येतो आहे. नाकावर मात्र एक काळा डाग आला जिथे मी सावली नोंदवलीच नव्हती. जुना फोटो मोठा करून पाहिला, तरीही दिसत नाही. आणि शेपटीच्या मुळाशी जी पुसट सावली होती ती आता नाहीशी झाली आहे.

जाळीवर जाळी आली, अगदी नाजूक, फक्त लालवर. पानगळताईंना मनापासून धन्यवाद.

तीळच्या १९ पैकी १३ गेले. पण पाठीच्या मध्यावर दोन निळसर सावल्या आल्यात, पूर्वी नव्हत्या.

कुंकू मैत्रिणीकडे ३४ सेंटिमीटरचा आहे. तिने पाठवलेल्या फोटोत पाठीवरच्या मोठ्या डागात खवल्यांच्या मधून पांढऱ्या रेषा दिसायला लागल्या आहेत. डोक्यावरचा लाल अजून तितकाच सुंदर आहे. यावरून मी काही ठरवत नाही, कारण तिचं पाणी आणि खाद्य दोन्ही वेगळं.

पानगळ

किती बरं वाटलं वाचून! जाळीचा फोटो हिवाळ्यात पुन्हा टाका, तेव्हा ती गडद दिसेल. तेवढ्याने घाबरू नका, उन्हाळ्यात पुन्हा बघा.

शेवाळ

नाकावरच्या डागाने मला आनंद झाला, कारण तिथे कातडीच वेगळी, खवले नाहीत. तिथे सावली दिसायला थर पुरेसा जाड नसेल. हा माझा तर्क आहे. पुढच्या शोवाच्या वेळी डोकं वेगळ्या प्रकाशात तपासून बघा.

गाळवाट

ताई, तुम्ही केलंत तसं चोख टिपण माझ्या पहिल्या दहा वर्षांत मी केलं नव्हतं.

तीळच्या त्या दोन सावल्या त्सुबोच्या जागी आहेत, पांढऱ्यावर. त्यांच्यासाठी थांबा. उरलेले सहा ठिपके गेले तरी हरकत नाही. शेंदूरच्या खिडकीला खाद्याने भरायचा प्रयत्न करू नका, पांढरा गुलाबी होईल आणि खिडकी तशीच राहील. तिचे खवले दर महिन्याला मोजा, दोनचे तीन झाले तर कळवा.

आणि काजळची ती शेपटीजवळची सावली कागदावरून खोडू नका. माझ्या एका शोवात अशीच सावली दुसऱ्या वर्षी गेली होती. पाचव्या वर्षी, गार पाण्यात, ती तिथेच वर आली.